अश्वजितची धुलाई

हॅलो?… हॅलो, आई?… हो, जयभीम, जयभीम… बोल ना… नाई येत आवाज, थांब, गच्चीवर येते.

हां, आता बोल… हो, उद्या सकाळच्याच गाडीनं नागपूरले निघाचं. तू आज दुपारी कारंज्याहून बस, संध्याकाळपर्यंत पोचतेच वर्ध्याले. इथं आराम कर, अन् उद्या सगळे संगच दीक्षाभूमीवर… शिदोरी? नको बांधू काई. पुऱ्या मयुरी करणार हाये… अवं, करते ती आता तेवढं. गोल होत नाई, पण फुगते.

काय?… पातळ?… हो, हाये ना तुहं पातळ. काठ उसवलता, तो शिवून झाला… हो, पांढरंच हाये… माह्या आवाजाले काय झालं?

आई, तू बसून हाये का उभी?… मंग बस पयले… नाई, सगळे बरे हायेत. लेकरं बरी, मयुरीचे बाबा बरे. पातळाले झालतं… झालतं म्हटलं! आता नाई… अवं ऐक तं!

हो, तेच. आपल्या बाबानं घेतलेलं… मले मालूम हाये ना, त्यायच्या हातचं शेवटचं हाये ते. वर्षातून एकदाच नेसते तू, ते बी मालूम हाये… आता मले सांगू देशीन का मधामधातच बोलशीन?

परवा माही दवाखान्यात दिवसभर ड्युटी होती. अन् मशीन लावाचं काम अश्वजितकडं हाये, तुले सांगितलं होतं… हो, उन्हाळ्यापासून. मयुरी सैपाकाले हात लावते, भांडे ह्यायच्याकडं, कपडे त्याच्याकडं… बारा वर्षाचा पोट्टा लहान नसते, आई… पोरगा हाये तं काय झालं? पोरगा कपडे घालत नाई का?… तुह्या लेकाचंच, विवेकदादाचंच पाह्य ना. सरितावहिनी माहेरी गेली का हा रोज हायवेवरच्या ढाब्यावर. चाळिशीतल्या माणसाले साधा भात टाकता येत नाई… आला राग? येऊ दे. पण खोटं बोलली का मी?… हां.

तं झालं असं. उद्याचे सगळ्यायचे पांढरे कपडे मी काढून ठेवलते. तुहं पातळ वेगळं, खुर्चीवर. निघताना सांगून गेली, आजीचं मशीनीत टाकजो नको, मी आल्यावर हातानं धुईन. पण पोट्ट्याची मैदानात मॅच! दोस्त खालून बोंबलून राह्यले. त्यानं दिसलं ते गोळा केलं, एकाच घाण्यात कोंबलं, बटन दाबलं अन् पळाला. त्या ढिगात मयुरीचा नवा दुपट्टा. लाल… हो ना, लाल!

हासली का तू?… हास, हास. मी बी आता हासते, परवा नाई आलं हासू. मी घरी आली, वर पाह्यलं, तं त्यानं मॅचवरून येऊन दोरीवर वाळत घातलेले सगळे बुढ्ढी के बाल! ह्यायचा शर्ट गुलाबी, पायजामा गुलाबी, माही साडी गुलाबी, त्याचा सोताचा कुर्ता गुलाबी. शेजारचे भैयाजी त्यायच्या गच्चीवरून विचारते, काऊन वहिनी, घरी लग्न निघालं का?… अन् कोपऱ्यात तुहं पातळ.

तो?… जिन्याखाली लपून… नाई, मारलं नाई. हात बी नाई लावला… ह्यायनं तं उलटंच केलं. म्हणते, जाऊ दे, लेकरू हाये, मी बाजारातून नवे घेऊन येतो. म्हटलं, आणून तं पाहा!… कठोर नाई वं आई. बापानं नवे आणले तं पोराले समजन काय? का कपडे खराब झाले तं दुकान हाये. अन् आजीचं पातळ कोणत्या दुकानात भेटन?

मंग जुंपली ना बहीण-भावाची. हा म्हणे मशीनच खराब. मयुरी म्हणे तुले डोळे नाई का. हा म्हणे तुहा दुपट्टा तिथं आलाच कसा. म्हटलं भांडा पोटभर, मी कणीक मळते… तेवढ्यात मयुरी रागानं बोलून गेली, ते पातळ आजोबानं आणलतं, तसं दुसरं नाई भेटत आता… त्याले माहीतच नव्हतं, आई. कोणी सांगितलंच नाई त्याले. त्याले वाटे, आजीजवळ पेटीभर पातळं हायेत, त्यातलंच हे एक… पोट्ट्याचं तोंड एवढंसं.

उठला, चप्पल घातली, बाहेर. मले वाटलं, गेला पुन्हा मैदानात. असा राग आला ना मले!… नाई, ऐक तं. तो गेलता गल्लीत. घरोघरी. काकू, कपड्याले लागलेला रंग कसा काढतात? कोणी म्हणे लिंबू, कोणी म्हणे सोडा, नत्थूजीची बायको म्हणे गरम पाण्यात मीठ टाक. सगळ्या सिंदी मेघे वस्तीले समजलं आमच्या घरचं… हो, मले बी लाज वाटली थोडी. पण त्याले नाई वाटली.

आला तं एका हातात लिंबं, एका हातात सोड्याची पुडी. गॅसवर मोठा गंज ठेवून त्यात पाणी तापवलं. गरम गंज मी उतरून देल्ला, तेवढंच केलं मी. अन् बसला मोरीपाशी. पयले तुहं पातळ… ब्रश नाई, हातानंच. काठ जपजो म्हटलं होतं मी. घासे, लाइटीखाली धरून पाहे, पुन्हा बुडवे. काल सकाळी उठून तेच. पातळ झाल्यावर बाकीच्यायचे कपडे. ह्यायचा ओला पायजामा उचलला तं म्हणते कसा, आई, याच्यात कोणी बसून हाये का?… हो ना! मशीन पिळून देते, पाण्यानं भरलेला कपडा त्यानं कधी उचललाच नव्हता. बोटं पाह्य त्याची, पार सुकल्या मिरचीवानी झाली.

मयुरी?… ती बी आली मंग, कोणी न बोलावता. पातळाचं एक टोक तिनं धरलं, एक त्यानं, अन् पिळलं गच्चीवर. भांडत भांडतच, पण पिळलं.

हो… निघालं, आई. खरंच निघालं. आतल्या टोकाले बोटभर राह्यलं, पण ते कमरेत खोचलं जाते. दिसत नाई.

आई?… रडून राह्यली का?… अवं…

काय?… जेवला का?… हो वं माय, जेवला! दोन भाकरी जास्तच खाल्ल्या.

आता एकच राह्यलं. त्यानं सोताचा कुर्ता सगळ्यायच्या शेवटी घेतला. तोवर सोडा सरला, ऊन बी गेलं. तो काई निघाला नाई. गुलाबीच हाये… नाई! नको, आई. कारंज्यातून नवा आणू नको… माहीत हाये ना, उद्या सगळे पांढऱ्यात असतीन… ह्यायले बी त्यानंच नाई म्हटलं. मी नाई पढवलं त्याले… पाह्य, तू ऐकूनच नाई राह्यली. थांब, तो आलाच वर. तूच विचार त्याले. घे रे अश्वजित, आजी हाये.

हॅलो, आजी? जयभीम… हो, मी… हो, मीच टाकलतं मशीनीत. आई सांगून गेलती, तरी टाकलं… सॉरी, आजी… नाई, रडून नाई राह्यलो. नाक भरलं.

नाई नाई, नवा नको आणू… हाच घालतो मी… हासतीन तं हासतीन. आजी, धुतला ना मी तो, हातानं. एकदम स्वच्छ हाये. फक्त गुलाबी हाये.

काय?… आजोबानं?… तुहं जुनं पातळ?… नीळ जास्त टाकली?… सगळंच निळं?… अन् तू तेच नेसून गेलती दीक्षाभूमीवर?… मंग! मंग मले काऊन म्हणते?

आई, आजी हासून राह्यली… 

हो आजी, हाये… येतो ना. स्टँडवर मीच येतो तुले घ्याले… पिशव्या मी उचलीन… दुखतात हात, पण उचलीन. तू फक्त उतरली का एका जागी उभी राह्यजो. इकडं तिकडं फिरू नको… हो… हो, मीच. ठेव आता, नाईतं तुही गाडी चुकन.