नेहमीची पद्धत

तपासणी केंद्राच्या बाकावर शिंपीणबाई तान्ह्या नातवाच्या रिपोर्टची वाट पाहत जीव मुठीत धरून बसल्या होत्या. शेजारी एक म्हातारी आणि तिची भाची बोलत होत्या.

“आत्या, काल मी संगणकावर तुझं नाव शोधलं.”

“मग, सापडले का?”

“सापडलीस. पण तुझ्या त्या संशोधनाच्या पेपरचा दाखला हल्ली कुणीच आपल्या पेपरात देत नाही गं. आमच्या प्रयोगशाळेतल्या सरांच्या पेपरचे दाखले बघ, रोज वाढतात.”

“वाढू देत की.”

“तुला काहीच नाही वाटत? थेंबभर रक्तातून डीएनए न तुटता काढायची रीत तुझी. आम्ही सगळे रोज तेच तर करतो.”

“आणि पेपरात काय लिहिता?”

“लिहितो, नेहमीच्या पद्धतीने काढला.”

“आधी माझं नाव लिहायचे. मग सगळ्यांच्या हाताला सवय झाली आणि नाव गळालं.”

“म्हणजे तुझ्या पदरात काय पडलं?”

“सुईला नेढं कुणी पाडलं, सांग बघू.”

शिंपीणबाईंचा हात आपसूक गळपट्टीला टोचलेल्या सुईवर गेला.

तेवढ्यात खिडकीतल्या बाईंनी हाक मारली. “आजी, बाळाच्या डीएनएमध्ये दोष नाही. निर्धास्त राहा.”

शिंपीणबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. रिपोर्ट छातीशी धरून त्या तिथेच घुटमळल्या.

“बाई, एक विचारू? तो डीएनए काढलात कसा?”

“कसा म्हणजे? नेहमीच्या पद्धतीने.”

शिंपीणबाईंनी मागे वळून पाहिलं. म्हातारीला भाचीच्या खांद्यावर डुलकी लागली होती. त्या पाय न वाजवता तिच्यापुढून गेल्या.