बर्फघराचा चुना

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या वाचनालयाच्या बाई. जुन्या इमारतींच्या निधीकडून एवढा प्रवास करून आलेल्या मॅडम. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत आणि जे खुर्चीत अगदी अवघडून बसले आहेत, ते मिस्त्रीबाबा. त्यांच्या शेजारचा माझा मावसभाऊ, ज्याला मघापासून सगळे 'कामाचे प्रमुख' म्हणताहेत आणि ज्याला मी काडीच म्हणणार. मंडळाचे सभासद, आणि समोर दाटीवाटीनं बसलेली माझी सगळी माणसं, सर्वांना नमस्कार.

चिटणीस म्हणाले, "पाच मिनिटं बोल. तू बाबांचा पहिला शिष्य, परगावाहून आलास, तुझे दोन शब्द हवेत." आता दोन शब्दांना पाच मिनिटं म्हणजे सोय चांगली आहे. पण मी चार पानं लिहून आणलीत. सातवीत शाळा सोडली, तेव्हा वाचताना अडखळलो तर समजून घ्या. आणि बाई, घंटी जरा लांब ठेवा.

आपण बसलोय ते बर्फघर सहा वर्षांपूर्वी कसं होतं? छत अर्धं खाली, आत कुत्री, मागच्या दारात आख्ख्या गल्लीचा कचरा. पाडायची नोटीससुद्धा लागली होती. मग वाचनालयाच्या बाईंनी चाळीस माणसं गोळा केली, मंडळ केलं आणि निधीकडे अर्ज केला. आज खाली पोरं अभ्यास करतात, वर शिवणवर्ग चालतो. बाहेर एवढं ऊन आहे, पण आत आलं की पाठ गार पडते. ही हातभर जाड भिंत आणि तिच्यावरचा चुना. सिमेंटला हे जमत नाही. सिमेंटचं मला विचारा, मी दिवसभर तेच थापतो.

मॅडमनी मघाशी निधीच्या अटी सांगितल्या. काम गावातल्या मंडळानं करायचं, इमारत सगळ्यांना खुली ठेवायची, मूळचाच माल वापरायचा. आणि एक जुना कारागीर हवा, जो तरुणांना शिकवेल. जुना कारागीर नाही, तर निधी नाही. मंडळाला आता नदीकाठची जुनी नावकचेरी घ्यायची आहे. तिच्या अर्जात जुन्या कारागिराच्या रकान्यात कोणाचं नाव लिहायचं? रकाना कोरा आहे, अर्ज परवा जायचाय, आणि आज आपण बाबांना निरोप देतोय. हे लक्षात असू द्या.

मी बाबांकडे तीन वर्षं शिकलो. बाबांचं बोलणं कमी. ओल्या गिलाव्यावर लाकडी थापी मारायची ती आवाज बदलेपर्यंत, दोन दिवस लागोत नाहीतर चार. मी विचारायचो, "झालं का?" ते म्हणायचे, "मला काय विचारतोस? भिंतीला विचार." बाबांची एक रीत आहे. शिष्याची भिंत पसंत पडली की दाराच्या मागे, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथल्या ओल्या चुन्यात त्याचा अंगठा उमटवून घेतात. तेच सर्टिफिकेट. तीन वर्षांत माझा अंगठा कुठेच उमटला नाही. प्रत्येक भिंतीपाशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "भिंत चांगली आहे. पण घाई दिसते."

मग मी गेलो, आणि पुढे माझ्या जागी काडी बाबांकडे शिकायला लागला. घाईला बाहेर मागणी होती. तीस-तीस मजले, यंत्रानं उडवलेला गिलावा, एका खोलीत सहा जण. आणि इकडून आईचा फोन. आई, तिसऱ्या रांगेत बसलीयेस, मान खाली घालू नकोस. फोन माझा, पण त्यात बातमी कोणाची? "काडीनं कमान उभी केली. काडीचा फोटो आला. काडीला मॅडमनी चहाला बोलावलं." मी म्हणायचो, "आई, मी जेवलो का ते तरी विचार." काडी मला भिंतींचे फोटो पाठवायचा. मी ते खोलीतल्या पोरांना दाखवायचो आणि म्हणायचो, "मी असतो तर याहून नीट केलं असतं." फोटो मोठा करून करून तडे शोधायचो. सापडायचे नाहीत, त्यानं आणखी चिडायचो.

दोन उन्हाळ्यांपूर्वी मी सुट्टीवर आलो. आलो त्याच सकाळी बाबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांच्या लेकीकडे, आमच्या ताईकडे गेले. दुपारी मंडळाची सभा वाचनालयात होती. काडीनं खिशातून बर्फघराची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, "जा, निवांत बघून ये. दाराच्या मागे बघ हं!"

मी दाराच्या मागे पाहिलं. काडीचा अंगठा. आठ महिन्यांत!

मंडळी, मागच्या अंगणात तेव्हा चुन्याची टाकी होती. वर्षभर मुरवलेला चुना, लोण्यासारखा. त्याच्यावर कायम चार बोटं पाणी लागतं. पाणी गेलं, हवा लागली, की चुन्याचा दगड होतो. पाणी बदलायला वरच्या अंगाला एक भोक होतं, त्याला लाकडी बूच. टाकीचं झाकण बाबांशिवाय कोणी उघडायचं नाही, हा नियम. जाताना बाबांनी पाणी भरलं, बूच ठोकलं, झाकण लावलं आणि सांगितलं, "मी येईपर्यंत हात लावू नका." कोणी लावला नाही. इथली माणसं शब्द पाळणारी.

बाबा दीड महिन्यानं आले. झाकण उघडलं तर भेगाळलेला दगड, आणि बूच खाली मातीत पडलेलं. कोणी त्यांना एका शब्दानं बोललं नाही. तेच म्हणाले, "मी ठोकायला विसरलो." निधीचा पुढचा हप्ता काम पाहून मिळणार होता, कामच थांबलं, हप्ताही थांबला. नवा चुना मुरायला आणखी एक वर्ष. मंडळातले निम्मे म्हणाले, सिमेंट मारा आणि मोकळे व्हा. काडी एकटा अडून बसला. उद्घाटन वर्षभर लांबलं, ते यामुळे.

हे भाषण कालपर्यंत निराळं होतं. त्यात बाबांच्या थापीवर एक कवितासुद्धा होती, तुम्ही वाचलात. काल संध्याकाळी मी ताईला विचारलं, "बाबा एवढ्यात काम का सोडताहेत? हात तर अजून खणखणीत आहेत." ताई म्हणाली, "हाताचं नाही रे. ते म्हणतात, बूच विसरणाऱ्या माणसाच्या हाती लोकांच्या भिंती देऊ नयेत. ते बूच अजून खिशात घेऊन फिरतात. रात्री उशाशी ठेवतात."

बाबा, तुम्ही विसरला नव्हतात. बूच मी काढलं.

घट्ट बसलं होतं. दगडानं तीनदा ठोकावं लागलं, तेव्हा निघालं. पाणी अंगणातून रस्त्यापर्यंत गेलं आणि मी तिथे उभा राहून बघत होतो. मग झाकण होतं तसंच ठेवलं आणि किल्ली काडीला परत दिली. त्यानं विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हणालो, "बरं आहे. घाई दिसते."

बाई, घंटी वाजवू नका, संपलंच. काडी, तू बस. बाहेर गेल्यावर काय मारायचं ते मार. हेवा गेला असं मी म्हणणार नाही. आत्ता तू तिथे वर बसलायस आणि मी इथे खाली उभा आहे, ते मला आत्ताही टोचतंय.

मॅडम, त्या रकान्यात बाबांचं नाव लिहा. त्यांनी नको म्हटलं तर निदान खरं कारण कळून म्हणू देत. आणि मंडळाला मला काय शिक्षा करायची ती करा, माझी गाडी उद्या दुपारची आहे, तोवर मी इथेच आहे.

मंडळानं मला बोलायला उभं केलं, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. वाचताना काही चुकलं असेल तर ते माझ्या शाळेवर घाला आणि सोडून द्या. बाकीचं सोडून द्या असं मी म्हणत नाही.

फक्त बाबा, ते बूच आता खिशातून काढा, आणि माझ्याकडे द्या.