भोजाईचा पहिला मान

...अन् वरून म्हनतात, अंधार जपून ठेवा! अंधार! तुम्हाले सांगतो, इतकी वर्सं आमचा तांडा उजेडासाठी रडला, पंचायतीत भांडला, तवा कुठं मंदिरापाशी एक खांब उभा राह्यला. अन् आता यवतमाळचे आकाशवाले येऊन म्हनून राह्यले का त्या राती थो दिवा बंद ठेवा, पांढरकवड्याच्या अलीकडे असा अंधार कुठं शिल्लकच नाही... आता अंधार त आमचा हायच, मी कायले खोटं बोलू? अमावस्येले आमच्या तांड्यावर हवेत नुसतं बोट फिरवलं त काजळ लागते. बाया डबीत भरून ठेवतात, लगनसराईत सोयरे मागून नेतात!

त झालं असं, का फाल्गुनातल्या अमावस्येले, म्हन्जे पाडव्याच्या आदल्या राती, त्यांच्या मंडळाचा आकाश पाह्याचा कार्यक्रम ठरला. जागा ठरली आमच्या भोजाईचं वावर. भोजाई म्हन्जे माह्या मोठ्या भावाची, देवसिंगदादाची बायको, सुखीबाई. तिचं वावर टेकाडावर, हायवेच्या गाड्यायचे दिवे तिथून दिसत नाहीत, कापूस निंगून गेला, पराटी उपटून झाली, मोकळं रान. अन् काय काय पाह्याचं, कोनतं आधी, कोनतं मंग, हे ठरवाले एक दिवस दुपारच्याले मंदिराच्या ओट्यावर बैठक बसली. आता सांगा, आभाळाची बैठक! आमच्या इथं नळाच्या बैठकीले मानसं जमत नाहीत, याले सारा तांडा हजर.

मंडळाच्या साधना मॅडम, शाळेत विज्ञान शिकवतात. बाई भली, पन शिस्तीची. म्हने, "हे बघा, दुर्बीण एकच आहे आणि माणसं खूप. म्हणून क्रम आजच ठरवू."

आमची शेजारीन नंदाबाई उठली. "मॅडम, पयले चंद्र दाखवा."

"अमावस्या आहे हो त्या दिवशी."

"मंग अमावस्या कायले ठेवली? पुनवेले ठेवा ना! उजेड बी राहते, चंद्र बी राहते, पोट्टे ठेचकाळत नाहीत!"

मॅडमनं चष्मा पुसला. नंदाबाई म्हने, "बरं, शनी त दाखवसान?" मॅडम म्हने, "शनी सध्या सूर्याजवळ आहे, तो दिसणार नाही." नंदाबाईनं दोन्ही हात जोडले. "बरं झालं बाई! माह्या पोराले साडेसाती हाय, उगाच त्याच्या नजरेत कायले या!"

बाजूच्या गावचा उकंडा, पंचायतीचा मेंबर, माह्या वर्गातला, त्याले असलं काही खपत नाही. थो उसळला, "ओ बाई, थो आपल्याले पाहत नाही, आपन त्याले पाहून राह्यलो!"

"एकच झालं!"

तरी ठरत गेलं. गुरू अन् त्याचे चंद्र. मंगळ. कृत्तिका. मॅडमनं मृगाचे तीन तारे म्हनले त उकंडा म्हने, "तिफन म्हना मॅडम, तिफन. पेरनीची तिफन. मंग कोनी इचारनार नाही कुठं हाय म्हनून." मॅडमले थे आवडलं. सप्तर्षीचं आमच्या इथं खाटलं, अन् खाटल्यामांगं तीन चोर. मी त्याईले सांगतलं, माह्या आज्यानं त्यातला एक चोर धरलता, पोलीस पाटलाच्या हवाली केलता, थे वरीस आभाळात दोनच दिसत होते. मी कायले खोटं बोलू? मॅडम म्हने, "फुलसिंगभाऊ, हे आपण कार्यक्रमात नको घेऊ."

मंग उकंडानंच काढलं. म्हने, "पन पहिला मान कोनाचा?" आता आमच्याकडची रीत हाय, ज्याचं वावर त्याचा पहिला मान. हुरडा असो, विहिरीचं पानी असो, आधी वावरवाल्याले. सारे भोजाईकडे पाह्याले लागले. थे आपली ओट्याच्या कडेले बसून ज्वारीतले खडे निवडत होती. मॅडम म्हने, "अगदी बरोबर. सुखीबाई, तुम्हाला आधी काय बघायचंय?"

भोजाईनं लखलखीत उन्हात मावळतीकडे हात केला.

"तिथं सांजच्याले निंगते ना, सगळ्यात मोठं? थे. थे या फुलसिंगचे दादा हायत."

नंदाबाई उठून भोजाईजवळ जाऊन बसली अन् तिच्यासंगं ज्वारीतले खडे निवडाले लागली.

दिवाळी झाली अन् दादा गेलता. जिंदगीभर नागपूर-हैदराबाद ट्रक चालवला, अन् गेला त घरी, बाजेवर, चहा मागून. तवापासून भोजाई रोज सांजच्याले आंगनात मावळतीकडे तोंड करून बसते. बकरी व्याली, बोअरचं पानी खाली गेलं, नंदाबाईनं चाळनी नेली थे परत दिली नाही... सारं सांगते त्याले. आम्ही कोनी काही म्हनलं नाही. काय म्हनता? अन् थो तारा बी कसा, हिवाळाभर तेजाळतच गेला! भोजाई म्हने, "जीव रमला त्याईचा तिथं."

मॅडमनं मान हलवली. पन बैठक उठल्यावर मले अन् उकंडाले लिंबाखाली घेऊन गेल्या. हळूच म्हने, "तो शुक्र आहे. ग्रह आहे, हे मी त्यांना सांगणारही नाही. पण आता तो रोज खाली सरकतोय. अमावस्येच्या संध्याकाळी तो तिथे नसेल. सूर्याच्या उजेडात बुडालेला असेल."

"तारीख बदला," मी म्हनलं. म्हने, "मागे घेतली तर चांदणं. पुढे नेली तरी तो संध्याकाळी नाहीच."

उकंडा म्हने, "त गुरू दाखवून टाका ना. थो बी मोठाच हाय. ह्या फुल्याले सांगू द्या, याच्या तोंडाले शोभते!"

मॅडम म्हने, "खोटं दाखवायला मी दुर्बीण आणत नाही." अन् दोघंही माह्याकडे पाह्यत राह्यले. आता तुम्हीच सांगा! साऱ्या तालुक्यात खरं बोलाले मानूस भेटला त कोन? मी!

गेलो सांजच्याले. रस्त्यानं अशी झकास गोष्ट जमवली होती, का दादाले वरच्या सरकारनं बढती देल्ली, म्हनून बदली झाली... लय सुंदर होती. पन आंगनात पाय ठेवला, त भोजाई त्याले सांगून राह्यली होती, "आता वावरात लोकं येनार हायत तुम्हाले पाह्याले. जरा नीट दिसजा."

गोष्ट तोंडातच विरली. मी कायले खोटं बोलू? बसलो बाजूले. म्हनलं, "भोजाई, दादा त्या सांजच्याले नसतीन."

तिनं मान वळवली नाही. "कुठं जाऊन राह्यले?"

"सूर्यापाशी. रोज खाली उतरून राह्यले, पाह्यलं नाही का?"

"पाह्यलं," म्हने. "मले वाटलं, माह्या बोलन्याले कंटाळले."

मी म्हनलं, "तसं नाही. मॅडमनं जाता जाता सांगतलं, इकडून जातात, अन् मंग उगवतीकडून निंगतात. पाडव्याच्या पहाटे."

"पहाटे?"

"हो."

भोजाईनं पदरानं तोंड पुसलं अन् म्हने, "मंग बरोबर हाय. हैदराबादची गाडी पहाटेच खाली व्हायची. ट्रकवाला मानूस सांजच्याले रोज घरी! मीच इचारात होती, याईचं असं कसं काय झालं म्हनून."

झालं. दुसऱ्या दिवशी सारा कार्यक्रम उलटा. मंडळाचे लोकं जेवून, तारे पाहून वापस जानार होते, थे आता पहाटेपर्यंत बसनार. पहिला मान शेवटी गेला, भोजाई म्हने चालते. चहा तिचा. उकंडा, आमचा थो अंधश्रद्धा निर्मूलनवाला, मॅडमले बाजूले घेऊन म्हनत होता, "माह्या मायसाठी एखादा लहानसा असन त पाहा, कोपऱ्यातला बी चालन." नंदाबाईनं सासूसाठी मागितला, पन घरापासून जरा दूरचा.

मॅडमनं मात्र मले बजावलं, "तो अगदी क्षितिजालगत असेल, थोडाच वेळ. ढग आले तर काही दिसणार नाही." अन् पाडव्याले आमच्या इथं ढग काय, गारा पडतात! म्हनून भोजाईले आधीच सांगून ठेवलं, "आभाळ आलं त नाही दिसनार बरं."

थे म्हने, "मंग तुम्ही सांगजा ना, दिसले म्हनून. मी खरं मानीन."

तुम्हाले सांगतो, जिंदगीभर इतक्या गोष्टी हानल्या, एका मानसानं खरं मानलं नाही. आता एक मानूस तयार बसलं हाय... त मीच रोज उठून ढग पाहून राह्यलो!