पप्पा म्हणाली ना

(शाळेच्या सभागृहामागची खोली. बाहेर मुली बसतायत, बाकं सरकतायत.)

आई : आत्ता सांगताय? मला उभं राहून बोलायची वेळ झाली आणि तुम्ही आत्ता सांगताय, सकाळी बिट्टीचा फोन आला होता म्हणून?

वडील : सकाळपासून धीरच होईना.

आई : दोन वर्षांनी लेकीचा फोन येतो, आणि तुम्ही मुकाट्याने मला गाडीवर बसवून इथवर आणता!

वडील : हळू बोल. पोरी ऐकतील.

आई : काय म्हणाली? शब्द न् शब्द सांगा.

वडील : म्हणाली, पप्पा, मी बरी आहे. माझी मी आलेय, कुणी पळवलं नाही. आईला म्हणावं, बसस्टँडवरचे माझे फोटो काढून टाक. आणि पोलिसांत जाऊ नका. मग फोन कट झाला.

आई : आवाज तिचाच होता?

वडील : तिचाच. म्हणजे... तिचाच असणार. पप्पा म्हणाली ना.

आई : निम्मं जग पप्पा म्हणतं! मागे कुणी होतं?

वडील : घरघर येत होती. पंखा असेल, नाहीतर मशीन. मध्येच कुणीतरी खोकलं. की टीव्ही होता, कोण जाणे.

आई : वाचून दाखवल्यासारखं बोलत होती का?

वडील : तू अशी उलटतपासणी घेतलीस ना, की जे ऐकलं तेही ऐकल्यासारखं वाटत नाही बघ.

आई : अहो, शाळाशाळांतून हेच सांगत फिरते ना मी! असा फोन आला की समजायचं, शेजारी कुणीतरी उभं आहे. पोरींकडून वदवून घेतात.

वडील : आणि खरंच बरी असेल तर? आता एकोणीसची झाली ती. संसार असेल तिचा. तिच्या दारात पोलीस नेऊन उभे करायचे?

आई : गेली तेव्हा सतराची होती. पार्लरचं काम शिकवते म्हणून त्या बाईने नेली, आणि त्याच आठवड्यात बाईचं घर रिकामं. हे तरी खरं ना?

वडील : ते खरं. पण फोनही खरा.

आई : मला काही सुचेनासं झालंय. ती बरी असावी म्हणून जीव तुटतो, आणि बरी आहे म्हणाली तर माझा विश्वास बसत नाही. कसली आई मी?

मुख्याध्यापिका : येऊ का? ताई, मुली बसल्यात सगळ्या. अगंबाई, काय झालं? चेहरा का उतरलाय?

आई : बाई, मागच्या वर्षी तुमची ती नववीतली मुलगी परत आणली आपण. तिने घरी फोन केला होता का हो?

मुख्याध्यापिका : केला होता की. मजेत आहे म्हणाली. तिची आई तर गल्लीभर सांगत सुटली होती. तुम्हीच खनपटीला बसलात, म्हणून सापडली पोर.

आई : आणि ती बेकरीवाल्यांची?

मुख्याध्यापिका : ती खरंच लग्न करून गेली होती. तुम्हाला आणि पोलिसांना दारात बघून किती रडली! अजून माहेरी बोलत नाही.

वडील : बघ.

आई : काय बघ? दोन्ही माझ्याच डोळ्यांनी पाहिलंय मी. नंबर द्या इकडे.

वडील : कशाला? नको म्हणाली ना ती!

आई : फौजदार बाईंना पाठवते. नंबरावरून पत्ता काढतील, साध्या कपड्यांत जातील. लांबून बघतील आधी.

वडील : आणि चिडून पुन्हा कधी फोनच केला नाही तर?

आई : तर... मला नाही माहीत. चिडू दे. चिडायला तरी समोर येईल. द्या.

वडील : घे. शेवटचे आकडे नीट बघ.

मुख्याध्यापिका : ताई, आज राहू दे का? मी सांगते मुलींना काहीतरी.

आई : नको, येते मी. काय बोलेन ते मात्र विचारू नका. अहो, फोन हातातच ठेवा. पुन्हा आला तर मला हाक मारा, बोलत असले तरी मारा.

वडील : तू येईपर्यंत काय बोलू तिच्याशी?

आई : काहीही बोला. फक्त खरं-खोटं विचारू नका.