मनगटावरचे आठ

“घड्याळाला हात लावायचा न्हाई, ते गावच्या येळेवरच राहू द्या,” असं ठकुबाईनं गावाहून निघताना बजावलं होतं मला.

शारजाहून दुबईला निघालेल्या बसमध्ये हा आवाज दर्शनाच्या मागच्या सीटवरून आला. दर्शनाचा सकाळचा जप चालू होता.

“आणि केरूकाका, चार वर्षं आम्ही त्या घड्याळाला हसलो.”

“हसलास ना, मिथुन? कॉलेज तिकडचं, भारतातलं, इथं नुसता वर्ग. नोंदणीला माजी सैनिकांना आधीचा एक तास, आठ ते नऊ. तू काय म्हणालास?”

“निवांत झोपा, आठला उठवतो.”

“इथले आठ! तिकडं साडेनऊ! नऊला सगळ्यांना उघडलं आणि दहा मिनिटांत शनिवारचा वर्ग खलास.”

“मग काय, तुम्ही आधीच नोंदणीचं बटण दाबून बसलेले!”

“माझ्या मनगटावर आठ वाजले आणि दाबलं. सतरा वर्षं फौजेत काढलीत, बाबा. हजेरीपटावर पहिलं नाव माझं!”

“सत्तेचाळिसाव्या वर्षी बीए! ठकुकाकू काय म्हणाल्या?”

“म्हणाली, पहिल्या बाकावर बसा, मागं डुलक्या काढाल.”

दर्शनाच्या बोटांतला मणी पुढं सरकेना.

“आज माझा पहिला तास. पण गोडाऊनच्या गेटवरची ड्यूटी...”

“वर्गात सीट मिळाली तर दर शनिवारी तुमच्या जागी मी उभा राहीन, असं म्हणालो होतो ना?”

“अरे, ते तू चेष्टेत म्हणालास.”

अल क्वोजचा, गोडाऊनजवळचा थांबा आला. मिथुननं केरूकाकांच्या मांडीवरची शिट्टी उचलून गळ्यात अडकवली आणि खाली उतरून तो गेटच्या दिशेनं चालू लागला.