चाळिसाव्या सेकंदाची शिट्टी

ग्रंथपाल: थायरॉईड नाही म्हणता. मग मॅग्नेशियम असेल. पान दोनशे चौदा. मी खुणेची पट्टी घालून पुस्तकच घेऊन आलोय, डॉक्टर.

शिट्टीबाई: अहो, गप्प बसा जरा. त्यांना रिपोर्ट तर वाचू द्या.

डॉक्टर: वाचून झाले. हिमोग्लोबिन छान, थायरॉईड छान, साखर छान, बी बारा आणि डी दोन्ही जागच्या जागी. माझे स्वतःचे रिपोर्ट इतके चांगले येत नाहीत.

ग्रंथपाल: यकृत पाहिलंत? सहाव्या कपाटात आरोग्याची छत्तीस पुस्तकं आहेत आमच्याकडे. हिच्या थकव्यावर मी आत्तापर्यंत अकरा आजार काढलेत.

शिट्टीबाई: त्यातले नऊ यांना स्वतःलाही झाले, डॉक्टर. एक पान वाचलं की संध्याकाळपर्यंत दुखायला लागतं यांना. ते जाऊ दे. म्हणजे मला काही झालेलं नाही, बरोबर? मग तेवढं कागदावर लिहून द्या. सोमवारी तलावावर दाखवायचंय, नाहीतर मुलांना पोहायला शिकवायचे माझे तास दुसऱ्या कुणाला तरी जातील.

डॉक्टर: लिहून देते. पण मी दिलं, तर तुम्ही त्या उंच खुर्चीवर चढाल? जिच्यावर बसल्या बसल्या झोपलात?

शिट्टीबाई: सात सेकंद झोपले.

डॉक्टर: चढाल का?

शिट्टीबाई: नाही.

ग्रंथपाल: मुद्दाम नाही झोपली हो ती. शिट्टी तोंडातच होती. झोपेत श्वास सोडला, ती वाजली, आणि एकोणीस मुलं शिस्तीत पाण्याबाहेर येऊन रांगेत उभी राहिली. त्यांनीच उठवलं हिला. शिकवावं तर असं.

शिट्टीबाई: हसताय काय? मला नाही हसू येत. वाजली नसती तर? बावीस वर्षं पोरं पाण्यात उतरवतेय मी, एकाच्याही नाकात पाणी गेलं नाही. मॅनेजर काही बोलले नाहीत, मीच उतरले खुर्चीवरून. मला माझाच भरवसा राहिला नाही, डॉक्टर. शिडी चढताना पाय शिशाचे होतात. दात घासताना बसावं लागतं. आणि रिपोर्ट म्हणतात सगळं छान.

डॉक्टर: थकवा म्हणजे दारावरची घंटा, बाई. वाजते एवढंच कळतं, कोण आलंय ते दार उघडल्याशिवाय कळत नाही. कधी रक्त कमी असतं, कधी साखर वाढलेली, कधी चालू असलेलं औषध, कधी मन दमलेलं. रक्तात दिसण्यासारखं काही दिसलं नाही. मनाचं मागच्या खेपेला विचारलं, तुम्ही म्हणालात मन मजेत आहे.

शिट्टीबाई: आहेच. यांच्याबरोबर राहून मन मजेतच राहतं, दुसरा इलाज नाही.

डॉक्टर: मग राहिलं सगळ्यात साधं. झोप होते का?

ग्रंथपाल: हिची? छे. माझीही नाही होत. ही झोपेत शिट्ट्या वाजवते.

डॉक्टर: काय वाजवते?

ग्रंथपाल: शिट्टी. गळ्यात घालून झोपते ना. मी दचकून उठतो, तर ही डोळे मिटून पडलेली. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमननी विचारलं, इमारतीला रखवालदार ठेवलाय का म्हणून. मी हो म्हटलं. काय सांगणार?

डॉक्टर: बाई, मी तुम्हाला आठवडाभराच्या झोपेची नोंद आणायला सांगितली होती.

शिट्टीबाई: आणलीय. तलावाच्या वहीतच लिहिली. पुढची दोनच पानं बघा हं.

डॉक्टर: दोनच का? बघू तर द्या. तुम्ही बसा निवांत.

(डॉक्टर पानं उलटतात. ग्रंथपालांची मान हळूहळू छातीवर येते, आणि ते घोरू लागतात.)

डॉक्टर: ही मागची पानं कुणाची? अठ्ठावीस, चौतीस, एकोणचाळीस. पुन्हा चौतीस. चांगला दमदार दिसतोय विद्यार्थी.

शिट्टीबाई: ते होय. ते सरावाचं आहे. पाण्याखाली श्वास रोखायचा सराव.

डॉक्टर: पहाटे तीनला? कुठला तलाव उघडा असतो तेव्हा?

शिट्टीबाई: हळू बोला.

डॉक्टर: आणि तुमचं बोट आत्ता स्टॉपवॉचवर का आहे?

शिट्टीबाई: सवय. यांचं घोरणं सुरू झालं की बोट आपोआप जातं. डॉक्टर, यांना सांगू नका. हे झोपेत श्वास घ्यायचे थांबतात. घोरतात, घोरतात, आणि मधेच सगळं बंद. पहिल्या आठवड्यात मला काय वाटावं? काय फुफ्फुसं आहेत या माणसाची, उगाच पुस्तकांत वाया गेली. खरंच सांगते, मी कौतुकाने वेळ लावली. पाण्याला पाय न लावणारा माणूस, आणि माझ्या मोठ्या मुलांच्या तोडीस तोड. मग एका रात्री घड्याळ चाळीसच्या पुढे गेलं. एक्केचाळीस, बेचाळीस. आधी कोपर मारलं. हलले नाहीत. मग शिट्टी.

डॉक्टर: किती दिवस झाले याला?

शिट्टीबाई: अकरा महिने.

डॉक्टर: अकरा महिने तुम्ही रात्रभर जाग्या राहून मोजताय?

शिट्टीबाई: दुसरं काय करणार? पोर बुडायला लागलं तर मी उडी मारते. इथे उडी कुठे मारू? यांच्या छातीवर हात ठेवून पडते आणि मोजते. चाळीस ही मर्यादा ठरवलीय. आणि यांना सांगितलं असतं, तर यांनी सहावं कपाट उघडलं असतं, आणि मग जागेपणी श्वास बंद झाला असता.

ग्रंथपाल: झोपेतला श्वासरोध. पान तीनशे एक.

शिट्टीबाई: तुम्ही जागे आहात?

ग्रंथपाल: बेचाळीसपासून. ते पान मी वाचलंय. तेवढाच एक आजार मला नाही असं वाटलं होतं, म्हणून पुढे गेलो.

डॉक्टर: सकाळी डोकं दुखतं?

ग्रंथपाल: रोज. मला वाटायचं शिट्टीमुळे.

डॉक्टर: कामावर पेंग येते?

ग्रंथपाल: वाचनालयात डुलकी लागणं हा आजार कसा म्हणायचा? तिथे येणारे निम्मे त्यासाठीच येतात. परवा फक्त मी माझ्याच मनगटावर शिक्का मारला. परतीची तारीख बारा.

शिट्टीबाई: मी नाही परत करणार.

डॉक्टर: ऐका दोघंही. झोपेत यांच्या घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट मिटते. मेंदू खडबडून यांना अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो, यांना सकाळी काही आठवत नाही. तासाला वीस-पंचवीस वेळा असं होत असेल, तर रात्रभर झोपूनही हा माणूस उपाशीच. बाई, तुमची शिट्टी नसती तरी मेंदूने यांना उठवलं असतं. ते काम तो आधीपासून करतोय.

शिट्टीबाई: म्हणजे मी उगाचच जागले?

डॉक्टर: उगाच कशाला? रक्तदाब चढतो याने, हृदयावर ताण येतो, हसण्यावारी न्यायचं काम नाही. ही वही नसती तर मी अजून तुमचंच रक्त काढत बसले असते. यांची एका रात्रीची तपासणी करू, बोटाला आणि छातीला तारा लावून. ठरलं तर नाकावर मुखवटा आणि हवा सोडणारं छोटं यंत्र. वजन थोडं उतरवायचं. तोवर कुशीवर झोपायचं. सदऱ्याच्या पाठीला आतून चेंडू शिवा, उताणं झालं की टोचतो.

शिट्टीबाई: तलावावर मऊ चेंडू आहेत, लाल.

ग्रंथपाल: मुखवटा, हवेची नळी आणि पाठीवर लाल चेंडू. शेवटी पाणबुड्या केलाच हिने माझा.

डॉक्टर: आणि मॅनेजरना मी आत्ताच पत्र लिहिते. कारण सापडलंय, दोन आठवडे झोप हवी, तास राखून ठेवा. पण झोप खरी हवी. वेगळ्या खोलीत.

शिट्टीबाई: वेगळ्या खोलीत? तिथून ऐकू नाही येणार. तुम्ही म्हणता मेंदू उठवतो, पटतं मला. पण डोळा नाही लागायचा, डॉक्टर. मी घाबरते. हे नसले तर मी काय करू?

ग्रंथपाल: अगं. मला कधी बोलली का नाहीस?

शिट्टीबाई: बोलले आत्ता.

ग्रंथपाल: मग असं करू. दोन आठवडे मी दुपारची रजा घेतो. दुपारी तू झोप, मी जागा राहतो.

शिट्टीबाई: तुम्ही? आत्ता खुर्चीत डुलकी काढलीत.

डॉक्टर: आता पेंगत नाहीयेत. बाई, पत्राला वीस मिनिटं लागतील, मॅनेजरना वाचता येईल असं अक्षर मला सावकाश काढावं लागतं. बाहेर पेशंटही कुणी नाही. तपासणीच्या पलंगावर पडा.

शिट्टीबाई: नुसती पडते. डोळे नाही मिटणार. अहो, बोला काहीतरी.

ग्रंथपाल: मी? आल्यापासून गप्प बसा म्हणतेयस.

शिट्टीबाई: बोलताय म्हणजे श्वास चालू आहे. बोला काहीही.

ग्रंथपाल: बरं. तर, आमच्याकडे एकूण बावीस कपाटं. पहिल्यात शब्दकोश. सात खंड होते, त्यातला चौथा एका गृहस्थांनी नेला आणि आणलाच नाही. मी पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, की त्या खंडाखेरीज त्यांच्या मेजाचा पाय समतोल राहत नाही. मी लिहिलं, मेज आमच्याकडे आणून ठेवा. तर ते खरंच घेऊन आले हो, हमाल करून. आता तेही कोपऱ्यात आहे, शब्दकोशासकट. आणि ते गृहस्थ रोज तिथेच बसून...

डॉक्टर: झोपल्या.

ग्रंथपाल: गळ्यातली शिट्टी काढू का?

डॉक्टर: राहू दे. तुम्ही थांबू नका.

ग्रंथपाल: दुसऱ्या कपाटात प्रवासवर्णनं. अजून वीस कपाटं बाकी आहेत, डॉक्टर.

डॉक्टर: असू देत. मला घाई नाही.