एक चूल, दोन दारं

(जासई. नामाची माडीवरची खोली. संघप्रियाच्या हातात वृद्धांच्या सर्व्हेचा टॅब. रंजिता जेवणाचं ताट घेऊन जिना चढून आली आहे.)

नामा : एकटाच लिव ना पोरी. उगाच डोका नको खपवू.

संघप्रिया : तसं नाही लिहिता येत, आजोबा. खोली वेगळी, दार वेगळं, लाइटचं मीटर वेगळं, सगळं कबूल. पण जेवण?

रंजिता : हे काय, आणलं ना. बाबांचं जेवण खाली माझ्याकडेच असतं.

संघप्रिया : मग झालं की. एका चुलीवर जेवतात ते आपल्याकडे एक कुटुंब. माणसं दोन.

नामा : आनि परदेशान?

संघप्रिया : बारा देशांत चाललाय हा सर्व्हे. काही ठिकाणी दार मोजतात. तिकडे तुम्ही एकटे धरले गेला असता.

नामा : आयला! तिकरं एकटा, जासईन दोघा. मंग कुठल्या देशान म्हातारी मानसा जास्त एकटी, ता तुमाला कलनार कसा?

संघप्रिया : नीट नाहीच कळत. आकड्याखाली टीप टाकतात, मोजणी वेगळी म्हणून.

नामा : मंग माझी पन टीप टाक. माझा पोरगा मिथुन जाऊन चार वर्सा झाली. ही त्याची बायको. येत्या बावीसला तेजसशी हिचा लगीन, मीच जमवलाय. ही जाईल करंजाड्याला. चूल पन गेली. तवा एकटाच लिव.

रंजिता : बाबा, मी लग्नाला हो कुठल्या अटीवर म्हटलं, ते नाही सांगितलंत हिला?

नामा : पयल्या नवऱ्याचा बाप सुनेच्या नव्या घरान? लोका काय बोलतील?

रंजिता : लोकांचं टेन्शन मी घेईन. तेजसनं तळमजल्याचा फ्लॅट बघितलाय, तुमच्या गुडघ्यांसाठी. त्याला कळतं, तुम्हाला का नाही कळत?

नामा : खरा सांगू? तू गेलीस की घास उतरनार नाय माझा. पन तुझ्या संसारान मना अडचन नाय व्हायचा.

संघप्रिया : ताई, मला आजचंच लिहायचंय. किती लिहू?

रंजिता : आज दोन. पुढच्या महिन्यात करंजाड्याला ये, तीन लिही.

नामा : आनि ते दार मोजनारे? त्यांना काय सांगशील?

रंजिता : नव्या घरी दारपण एकच आहे, बाबा. जेवा आता, भात निवला.